व्याह्यांची दाढी

दाढी करताना गिऱ्हाईक बोलतं आणि न्हावी ऐकतो, असा लोकांचा समज आहे. खरं तर दोघंही बोलतात. वस्तरा वरच्या ओठाशी आला की गिऱ्हाइकाला तोंड हलवता येत नाही, तेवढ्यात न्हाव्यानं आपलं म्हणणं उरकायचं असतं. मी आयुष्यभर त्या वरच्या ओठाच्या वेळात बोलत आलो. आज खुर्चीत कोणी नाही आणि बोलायला भरपूर जागा आहे, तर सगळ्यात मजेचं तेच सांगतो. पन्नाशी उलटल्यावर मी माझा धंदा पुन्हा पहिल्यापासून शिकलो आणि त्याला कारण झाली माझ्या लेकीच्या सासऱ्यांची दाढी.

नांदेडात जुन्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, अंगाला माझं दुकान आहे. दोन खुर्च्या, लांबलचक आरसा आणि गिऱ्हाइकापेक्षा जास्त कुरकुरणारा एक पंखा. बाहेरच्या माणसाला वाटतं, वस्तरा तो वस्तरा. तसं नाही. आज तुम्ही कुठल्याही दुकानात बसा, न्हाव्याच्या हातात असते ती नुसती घडीची मूठ. तिच्यात तो तुमच्यासमोर अर्धं पातं मोडून बसवतो आणि दाढी झाली की फेकून देतो. धार कारखान्यातून लागून आलेली असते. रोगराईच्या दृष्टीनं हेच बरं, आणि मीही त्याच पात्यावर संसार केला. खरा वस्तरा वेगळा. तो अख्ख्या पोलादाचा, त्यात बदलायचं काही नाही. रोज चामड्यावर फिरवायचा, अधूनमधून दगडावर घासायचा, आणि नीट सांभाळला तर बापाचा लेकाच्या हातात येतो.

माझ्या वडिलांनी निलंग्याच्या बाजूच्या गावांतून जन्मभर तोच चालवला. मी नांदेडला आलो तेव्हा पात्याची मूठ आली होती, म्हणून शिकायची वेळच पडली नाही. वडिलांची धोकटी, म्हणजे हत्यारांची चामड्याची पिशवी, आमच्या कपाटावर होती. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागायचं, तेवढाच आमचा तिच्याशी संबंध.

लेकीचं, पूजाचं, लग्न लातूरला ठरलं. तिचे सासरे विश्वनाथराव हेही धंद्यातलेच, पण आमच्यापेक्षा चार पायऱ्या वर. शिकवण्यांच्या भागात त्यांचं थंडगार हवेचं सलून. डॉक्टर व्हायला गावोगावहून आलेली पोरं तिथं केस कापायला रांगेत बसतात आणि विश्वनाथराव गल्ल्यावर बसून त्यांना जीवशास्त्र कसं पाठ करावं ते सांगतात. स्वतः ते दहावीच्या पुढं गेलेले नाहीत, पण पोरं मन लावून ऐकतात. अंगानं भरलेला, दिलदार माणूस. आवाज असा की लग्नाला भोंगा लावायची गरज नाही.

साखरपुडा त्यांच्याच घरी झाला. जेवणं उरकून पान खात बसलो असताना त्यांचे एक म्हातारे मामा जुन्या काळच्या दाढीचं कौतुक सांगायला लागले. विश्वनाथराव म्हणाले, खऱ्या वस्तऱ्याची माणसं गेली, आता आपण सगळे पाती बदलणारे. बोलणं खोटं नव्हतं आणि कोणाला लागेल असंही नव्हतं. मी मान डोलावली. माझ्या बायकोनं, उषानं, मात्र पदर सावरला.

"आमच्या ह्यांना येतं की," ती म्हणाली.

मी पान गिळलं. विश्वनाथरावांचा चेहरा फुलला. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि सगळ्यांच्या देखत जाहीर केलं की लग्नाच्या सकाळी त्यांची दाढी बालाजीरावांनीच, म्हणजे मीच, करायची, खऱ्या वस्तऱ्यानं, भर मांडवात. त्यासाठी ते आधीपासून दाढी राखणार. पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या. आमची पूजा आतल्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं जे पाहिलं, त्यात आनंद होता आणि त्याहून जास्त भीती होती.

परतीच्या एसटीत उषा अहमदपूर येईस्तोवर खिडकीबाहेर बघत बसली. शेवटी मीच विचारलं, येतं म्हणजे काय येतं?

"शिका मग," ती म्हणाली. "लग्नाला लई दिवस हायत."

खरी गोष्ट इथून सुरू झाली. वडिलांचा वस्तरा काढला तर तो गंजून तांबडा झालेला. नांदेडात सायकलीच्या चाकावर धार लावत फिरणाऱ्याला दाखवला. तो म्हणाला, सुऱ्या-कात्र्या माझ्याकडं आणा, हे काम उदगीरच्या महेबूबचाचांचं. म्हणून दुकान बंद असायचं त्या सोमवारी मी उदगीरची गाडी धरली.

महेबूबचाचांचं दुकान किल्ल्याच्या रस्त्याला, एका जिन्याच्या पोटात. शिंप्यांच्या कात्र्या आणि खाटकांचे सुरे यांना धार लावण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. वय झालेलं, पण पाठ ताठ आणि मेंदीनं रंगवलेली लालभडक दाढी छातीपर्यंत. त्या दाढीचा त्यांना अतोनात अभिमान होता. बोलता बोलता ती कुरवाळायचे आणि समोरच्या भांड्याच्या दुकानातल्या पितळी परातीत वाकून बघून घ्यायचे. मी वस्तरा पुढं केला, लग्नाची हकीकत सांगितली. ते इतके हसले की जिन्यावरून जाणारा माणूस खाली डोकावला.

"ये उमर में शागिर्दी करने आया," ते म्हणाले. "बैठ. पैले चाय पी."

गंज उतरायला बराच वेळ गेला. खाली पोलाद निघालं, निळसर आणि थंड. चाचांनी ते उजेडात धरलं आणि मान हलवली. वस्तरा जिवंत होता.

धार लावणं ऐकायला सोपं आहे. दगड पाण्यानं भिजवायचा. वस्तरा त्यावर आडवा ठेवायचा, असा की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतील. धार पुढं ठेवून सरकवायचा, टोकाला गेला की पाठीवर उलटायचा आणि परत आणायचा. जोर अजिबात लावायचा नाही. मग चामड्याचा पट्टा ताणून त्यावर फिरवायचा, पण तिथं सगळं उलटं: पाठ पुढं, धार मागून. विसरलात तर धार चामड्यात घुसते आणि पट्टा चिरतो. मी पहिल्याच दिवशी विसरलो. चाचांनी दुसरा पट्टा आणला. तोही मी चिरला. तेव्हा त्यांनी स्वतःच्या कमरेचा पट्टा काढून दिला आणि उरलेला दिवस एका हातानं विजार धरून मला शिकवलं.

"इत्ता दबा के क्या करता? आटा पीस रा क्या?" एवढंच ते मधूनमधून म्हणायचे.

त्या संध्याकाळी एकदा हात बरोबर पडला. पट्ट्यावर फट फट असा मऊ आवाज निघाला आणि मी थांबलो. हा आवाज मी ओळखत होतो. लहानपणी मी रोज पहाटे त्याच आवाजानं जागा व्हायचो, वडील ओसरीवर बसून कामाला जायची तयारी करायचे. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तो विसरलोय. ते असते तर शिकायला उदगीरला यावं लागलं नसतं, असं मनात आलं आणि मी चष्मा पुसायला घेतला. चाचांनी बघितलं. पुन्हा चहा मागवला.

नांदेडला परतलो तो अंगात वारं शिरल्यासारखा. दगड घरी आणला होता. दिसेल त्याला धार लावायला लागलो. विळी, सुऱ्या, उषाची कात्री, शेजारच्या काकूंची किसणीसुद्धा. गल्लीत बातमी पसरली की बालाजी फुकटात धार लावून राहिला, आणि बायका विळ्या घेऊन दारात यायला लागल्या. त्यांना बोथट विळीची सवय. भेंडी चिरायला बसल्या आणि भेंडीसकट बोट. आठवडाभरात आमच्या गल्लीत निम्म्या बायकांच्या बोटांना हळद आणि चिंधी दिसायला लागली. उषानं दगड पिठाच्या डब्यात लपवला. मी तो शोधून काढला, तर तिनं मला घराबाहेर काढून दुकानात पाठवलं.

धार बघायची म्हणजे हातावरचे केस उडतात का ते बघायचं. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाले. मग पायाकडं वळलो. एक पाय झाला आणि गिऱ्हाईक आलं, म्हणून दुसरा तसाच राहिला. पँट घातल्यावर कोणाला दिसत नव्हतं, पण मला चालताना सारखं हसू यायचं.

गालावर हात बसण्यासाठी चाचांनी दोन उपाय सांगितले होते. आधी पालथ्या मडक्याला साबण फासून तो अलगद उतरवायचा, मडक्यावर ओरखडा न उठवता. ते जमलं की फुगा. फुग्यावरचा फेस काढायचा आणि फुगा जिवंत ठेवायचा. मी मोंढ्यातल्या दुकानातून फुगे आणत राहिलो, तेव्हा दुकानदार विचारायला लागला की वाढदिवस तरी कोणाचा आहे. दुपारच्या निवांत वेळी मी खुर्चीच्या उशीला फुगा बांधून त्याची दाढी करायचो. एकदा शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त जमादार चेहऱ्यावर गरम टॉवेल टाकून डोळे मिटून पडले होते. माझा फुगा त्यांच्या कानाशी फुटला. जमादार टॉवेलासकट खुर्चीखाली गेले आणि तिथूनच त्यांनी सगळ्यांना आडवं व्हायचा हुकूम दिला. आम्ही आडवे झालो. बाहेर येऊन त्यांनी भिंतीवरचा फेस पाहिला, फुग्याची चिंधी पाहिली, आणि जेवणाआधीची गोळी घ्यायला घरी गेले. दुसऱ्या दिवशी मात्र हजर. पुढं काय होतं ते बघायचं होतं त्यांना.

फुगे टिकायला लागले, पण जिवंत माणूस कोण देणार? शेजारच्या चहावाल्या माधवला विचारलं तर त्यानं आठवडाभर दाढी घरीच केली. शेवटी एका सोमवारी पुन्हा उदगीर गाठलं, तर महेबूबचाचाच म्हणाले, माझा खत बनव. खत म्हणजे दाढीची कड. गालावर आणि गळ्याखाली रेघ सरळ काढायची, बाकी दाढीला हात लावायचा नाही. हात इकडचा तिकडं झाला असता तर ती लाल दाढी एका बाजूनं गेली असती आणि परत यायला वर्ष लागलं असतं. जिन्याखाली त्यांचे चार-पाच दोस्त जमले. भांडेवाल्यानं दाखवायला परात आणली. चाचा कलमा पढले, दोस्तांनी दुआ मागितली आणि मी डाव्या हातानं त्यांची कातडी ताणली.

वस्तरा चालवताना तीन गोष्टी सांभाळायच्या. कातडी ताणलेली पाहिजे. वस्तऱ्याची पाठ गालापासून थोडीच उचललेली पाहिजे. आणि हातानं ओढायचं नाही, वस्तऱ्याचं वजनच काम करतं, आपण फक्त रस्ता दाखवायचा. मी रस्ता दाखवला. रेघ सरळ आली. चाचांनी परातीत डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि दोस्तांना म्हणाले की हा पोरगा माझा शागिर्द आहे. पोरगा म्हणजे मी, चष्मा लावलेला. गाडीत बसलो तेव्हा मी एकटाच हसत होतो आणि मुखेडपर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

त्या आनंदातच घोळ झाला. लग्न तोंडावर आलं आणि उषाचा भाऊ गोविंद भोकरहून मदतीला आला. शेतकरी माणूस, चेहरा राकट, दाढी खुंटासारखी. उषानं त्याला मांडवाच्या कामाला लावण्याआधी माझ्या खुर्चीत बसवलं. मी वस्तऱ्याला आदल्या दिवसापासून धारच धार लावत होतो. पहिल्याच हाताला गोविंदच्या गालावर रक्ताचा थेंब, दुसऱ्याला दुसरा. तुरटी फिरवली तेव्हा त्यानं बहिणीकडं असं पाहिलं की तिनं मान खाली घातली.

विश्वनाथरावांच्या गालावर असा थेंब आला तर पाहुणे हसून सोडून देतील, पण पूजाला त्या घरात प्रत्येक सणाला ती गोष्ट ऐकावी लागेल. चाचांना फोन लावला. त्यांनी विचारलं, दगडावर किती घासला? मी सांगितलं, थांबलोच नाही. तेव्हा त्यांनी समजावलं की धार गरजेपेक्षा जास्त घासली की तिला कुसळं फुटतात, डोळ्याला दिसत नाहीत पण कातडीला कळतात.

"पत्थर छोड अब," ते म्हणाले. "चमडे पे जा. और थोडा सो भी."

मी दगड उषाच्या हातात दिला आणि लपव म्हणालो. लग्नापर्यंत फक्त चामडं.

लग्न नांदेडबाहेरच्या एका मंगल कार्यालयात होतं. सकाळी दुकानातली खुर्ची टेम्पोतून आणून अंगणात मांडली. वऱ्हाड पोहे खात भोवती उभं राहिलं. चाचा उदगीरहून आले होते, त्यांना पुढची खुर्ची दिली. विश्वनाथराव पांढरी दाढी वाढवून, हसत, हात उंचावत आले आणि बसले. पण मी गळ्याला टॉवेल लावला तेव्हा त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली होताना दिसली, आणि दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरलेले दिसले. मला एकदम त्यांच्याबद्दल माया वाटली. आम्ही दोघंही घाबरलेलो होतो.

गरम टॉवेल ठेवला. साबण भरपूर घोळला, चेहरा पिंजलेल्या कापसासारखा केला. चामड्यावर वस्तरा फिरवला आणि डाव्या कानाजवळ लावला. चांगली धार दाढीत बोलते, कोवळी कणसं खुडल्यासारखा बारीक आवाज येतो. तो आला. फेसातून गुळगुळीत गालाची पट्टी निघाली, आणि रक्त नाही. दुसरी पट्टी. तिसरी. दांड्यांवरची त्यांची बोटं सैल झाली. डावा गाल पुरा झाला तेव्हा त्यांचे हात मांडीवर येऊन पडले. आणि मग आवाज आला.

विश्वनाथराव घोरत होते.

मुलाच्या लग्नाच्या धावपळीत हा माणूस कित्येक रात्री नीट झोपला नव्हता, हे विहीणबाईंनी नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळलं की अर्धी दाढी बाकी आहे, गळा पूर्ण बाकी आहे, आणि हा माणूस दचकून उठला तर काय होईल ते सांगता येत नाही. त्याच वेळी फाटकाशी बँडवाल्यांनी ढोलावर पहिली थाप मारली, कारण नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या देवळात न्यायची वेळ झाली होती.

उषा धावली. शालूत, नथीसकट. ढोलासमोर जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. बँडमास्तर म्हणाला, मुहूर्त चालला. ती म्हणाली, व्याही झोपलेत. त्याला वाटलं, कोणी गेलंच, आणि त्यानं टोपी काढली. सगळं समजावून सांगेपर्यंत घोडा थांबला होता. जावईबापूंनी टाच मारली तरी हलेना, कारण त्याला वाजंत्रीशिवाय चालायची सवयच नव्हती. गुरुजी घड्याळ दाखवत आले, त्यांना चाचांनी ओठावर बोट ठेवून खाली बसवलं. आपल्याकडचं वऱ्हाड, ज्याला जेवताना हळू बोलता येत नाही, ते त्या दिवशी हातात पोह्याच्या बशा धरून, चमच्याचा आवाज न करता उभं राहिलं.

मी उजवा गाल केला. मग गळा. घोरणं आत जाई तेव्हा घाटी वर येई, बाहेर पडे तेव्हा खाली बसे. ती खाली बसली की मी एक हात मारायचो आणि थांबायचो. घोरणं, हात. घोरणं, हात. माझ्या कपाळावरचा घाम कोणीतरी मागून पुसत होतं. बघितलं तर गोविंद, कापल्याच्या खुणा गालावर घेऊन. शेवटचा हात हनुवटीखाली मारला, वस्तरा मिटला आणि गार टॉवेल त्यांच्या चेहऱ्यावर ठेवला.

विश्वनाथराव जागे झाले, टॉवेल मांडीवर पडला. समोर एवढी माणसं गप्प उभी बघून त्यांनी पुन्हा दांडे धरले.

"करा की सुरू, बालाजीराव," ते म्हणाले. "मी काही भीत नाही."

कोणी हसलं नाही. सगळे वाट बघत राहिले. त्यांनी हात गालाकडं नेला. गालावरून गळ्यावर नेला. पुन्हा गालावर. मग मला जवळ ओढून, माझ्यापुरतंच विचारलं, "झोपलो होतो का मी?"

"हाव."

"लई दिवसांनी," ते म्हणाले आणि डोळे पुसले, टॉवेलानंच.

मग जे हसू फुटलं ते आवरेना. चाचांनी माझ्या हातातून वस्तरा घेतला, अंगठ्यानं धार बघितली, रुमालात गुंडाळून स्वतःच्या खिशात टाकला. "अब नाच," त्यांनी मला सांगितलं. उषानं फाटकातून हात केला आणि बँड सुरू झाला.

मुलीच्या बापानं वरातीत नाचू नये असा रिवाज आहे की नाही, मला माहीत नाही. मी बाहीला साबण लागलेला, विश्वनाथरावांच्या गळ्यात हात टाकून कार्यालयापासून मारुतीपर्यंत नाचलो आणि मारुतीपासून परत नाचत आलो. घोडाही आमच्यामागं झुलत चालला. कार्यालयाच्या दारात वरातीला सामोरं जायला मुलीचे आईबाप दोघं लागतात. तिथं एकटी उषा ताट घेऊन उभी होती, बाप वरातीत होता. तिनं जावयाला ओवाळलं, व्याह्यांना ओवाळलं. मग माझ्यापुढं आली, माझ्या घामेजल्या कपाळावर कुंकू लावलं, ओवाळलं आणि म्हणाली, "या पाव्हणं, आत या."